थिजण्याचे सेकंद

सोमवार, ३

नव्या नोकरीचा पहिला दिवस. पंचेचाळिसाव्या वर्षी मला कोणी पुन्हा कामावर घेईल असं वाटलं नव्हतं. सकाळी लेकीने कॉलेजला जाता जाता माझ्या पिशवीत डबा कोंबला आणि पहिल्याच दिवशी कोणाच्या चुका काढू नकोस, अशी तंबी दिली.

खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. साठ पिंजरे, साठ पांढरे उंदीर. काम सोपं: एकेका उंदराला काचेच्या पेटीत ठेवायचं, बाटलीतल्या द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा आत सोडायचा आणि पाच मिनिटांत तो किती सेकंद थिजून बसतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं. यातल्या तिसांच्या आजी-आजोबांना हा वास देताना विजेचे झटके दिले होते. नातवंडांना कधीच नाही. तरी ती घाबरतात का, ते पाहायचं. उरलेले तीस तुलनेसाठी. त्यांच्या घराण्यात कोणालाच झटका बसलेला नाही. कोण कुठल्या घराण्यातला हे मला कळू देणार नाहीत, म्हणजे माझ्या हातून नकळतही लबाडी होणार नाही. हे मला फार आवडलं.

द्रावणाला कडू बदामासारखा वास आहे. ओळखीचा वाटला. कुठला, ते आठवेना.

गुरुवार, ६

प्रमुख डॉक्टरीणबाई कमी बोलतात, पण विचारपूस करतात. विम्याच्या फॉर्मवर आईचं लग्नाआधीचं नाव आणि लेकीची जन्मतारीखही लिहून घेतली. पिंजरे साफ करणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांच्या मते इथे वेळेवर जेवण फक्त उंदरांना मिळतं. पुढच्या जन्मी अर्ज त्याच खात्यात करायचा.

मंगळवार, ११

साठच्या साठ थिजतात. ज्या तिसांनी खुशाल इकडेतिकडे हुंगत फिरायला हवं, तेही दगडासारखे. आठवड्याच्या मेहनतीवर पाणी. मोजणाऱ्याची चूक असेल, असं शेजारच्या खोलीतला संशोधक सगळ्यांसमोर म्हणाला. माझ्या मनातही तेच होतं, म्हणून जास्त झोंबलं.

शुक्रवार, १४

साबण बदलला. चपला बदलल्या. बांगड्या काढल्या. खडखडणारा पंखा बंद केला आणि दिवसभर घामात बसले. आकडे तेच! रडकुंडीला आले आहे. घरी लेकीवर उगाच खेकसले, मग तिची माफी मागितली. ती म्हणाली, उंदरांचीही माग.

मंगळवार, १८

मामांनी शक्कल सुचवली: पेटी आणि माझ्यामध्ये टॉवेल टांगायचा, मी उंदीर फक्त कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघायचा. करून पाहिलं. तीस थिजले, तीस मजेत फिरले! मी मामांना लाडू द्यायचं कबूल केलं.

मग जिन्यात लक्षात आलं. एक जनावर थिजलं की त्याला पाहून दुसरं थिजतं, हे पहिल्याच दिवशी वाचून घेतलं होतं.

ते तीस उंदीर कोणाला पाहत होते?

बुधवार, १९

मामांना विचारलं. ते आधी हसले. मग म्हणाले की बाई, बोळा टाकला की तुम्हीही तशाच बसता की. आम्हाला वाटलं, कामात बुडालात. आज त्यांना माझ्यावर घड्याळ लावायला सांगितलं. एकशे दहा सेकंद. मला त्यातला एकही आठवत नाही. समोरचा चहा गार झाला होता.

गुरुवार, २०

डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं: आधीचे आकडे माझ्यामुळे बिघडले, ते रद्द करा, हवं तर मला काढा. वाटलं, चिडतील. त्यांनी शांतपणे एकशे दहा हा आकडा लिहून घेतला. त्या कागदावर उंदीर-क्रमांकाचा रकाना नव्हता. मग लेक काय करते, असं विचारलं.

शनिवार, २२

ताईला फोन केला. बदामाच्या वासाचं विचारलं. ती म्हणाली, विसरलीस का? काकूने आणलेला बदामाचा साबण आईने डब्यासकट उकिरड्यावर फेकला होता. आई लग्नाआधी वर्षभर कुठल्याशा प्रयोगशाळेत जायची. कसलं काम, ते कधी बोलली नाही. तिच्या तळहातांवरचे ते दोन गोल डाग तिथलेच.

मी ते डाग लहानपणी मोजायचे. एक, दोन.

मला हे काम अर्ज न करता मिळालं. पत्र घरी आलं होतं. तेव्हा मी खूश होते — एवढं कसं विचारलं नाही मी —

सोमवार, २४

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर कार्ड पाहिलं. चोरून. पहिली पिढी: आईचं लग्नाआधीचं नाव. दुसरी: मी, सेकंद एकशे दहा. तिसरी —

जागा मोकळी. फक्त जन्मतारीख.

घरी आले तर लेक नाचत होती. तिलाही इथलंच पत्र आलंय. सुट्टीतली नोकरी. उद्या अकराला भेटायला बोलावलंय. मी जाऊ नको म्हणाले. सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, तुला ते काम जमलं नाही, म्हणून मीही करायचं नाही का?

मंगळवार, २५

ती पहाटेच मैत्रिणीकडे गेली. फोन उचलत नाही. म्हणून मी इथे, उंदरांच्या खोलीत येऊन बसले आहे. जिना चढली की तिला याच दारावरून जावं लागेल. हाताला धरून खाली नेईन. बस, एवढंच.

दहा पन्नास. मामांना आज सुट्टी दिली आहे म्हणे.

दहा पंचावन्न. छताजवळच्या जाळीतून वास येतोय. तोच. पदर नाकाला लावलाय. लिहीत राहायचं. हात चालतोय तोवर मी थिजलेली नाही. हात चालतोय. हात —

अकरा वाजून बारा?

आत्ता तर दहा पंचावन्न होते. शाईचा एवढा मोठा डाग कसा —

खाली तिचा आवाज. उशिरा आलीय. कोणालातरी खोली विचारतेय. हसतेय. चढतेय. उठायचं. दार चार पावलांवर. लिहीत लिहीत उठायचं, थांबायचं नाही, ती वळणावर आली, आता हाक मारायची, आता मी