सासूबाईंच्या फोनवर माझ्या नोट्स

३ फेब्रु., मंगळ.
नोट्सच्या अ‍ॅपने हात वर केले. पन्नास नोट्सच्या पुढे लिहायचं तर दरमहा पैसे भरा. स्वतःचंच रडगाणं, त्यालाही भाडं. जुनी एक नोट पुसून ही लिहितेय.

५ फेब्रु., गुरु.
तीन अ‍ॅप टाकली, तीन काढली. एकाला माझे कॉन्टॅक्ट हवेत. दुसऱ्याला लोकेशन. मी हेंद्रेपाड्यात बसून लिहिते की शिरगावात, याला काय करायचंय? तिसरं फ्री, पण सातच दिवस.
घरी येऊन सासूबाईंचा गुडघा शेकणे, भाकरी, भांडी. ऑपरेशनला तीन महिने झाले. संदीप म्हणतो, "होईल गं." होतं, मी केलं की. नवऱ्याला एवढंही कळू नये.

९ फेब्रु., सोम.
डब्याच्या सुट्टीत कविताने अ‍ॅप शोधून दिलं. ऑफिसात मोबाइलचं सगळं तिलाच कळतं. लॉगिन नाही, पैसे नाहीत, इंटरनेटसुद्धा मागत नाही. लिहिलेलं फोनबाहेर जात नाही.
जुन्या अ‍ॅपमध्ये 'दोन फोन जोडलेले' असं दिसलं, तिथे थांबली. "वैशाली, ये आयडी और किसके फोन में है?"
उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, दिवाळीत दोन फोन घेतले. एक मला, एक सासूबाईंना. दुकानदाराने दोन्हीत एकच आयडी टाकला. "फॅमिली है ना भाभी, पासवर्ड याद रहेगा." तेव्हा सोयीचं वाटलं होतं.
म्हणजे माझी प्रत्येक नोट त्यांच्याही फोनवर. २२ जाने.चीसुद्धा. "आई चामटोलीला दिरांकडे गेल्या तर आठ दिवस नुसती झोपेन. परत नाही आल्या तरी चालेल."
दुपारनंतर कामात लक्ष नाही.

१० फेब्रु., मंगळ.
वाचलं नसेल. त्या भजनं बघतात, फार तर रेसिपी. चहा देताना चेहरा न्याहाळत राहिले. म्हणाल्या, "साखर विसरलीस." त्यावरून काय कळणार.

१२ फेब्रु., गुरु.
सासूबाईंनी बॅग काढली. संदीपला म्हणाल्या, "धाकट्याकडे जाऊन येते जरा. चामटोलीला अंगण आहे, चालणं होईल." इथे काठी धरून मोरीपर्यंत कशाबशा जातात.
मी म्हटलं, "कशाला, आई." माझा आवाज मलाच खोटा वाटला. लाज वाटते. आणि झोप येते. दोन्ही खरं.

१४ फेब्रु., शनि.
हाफ डे. सगळं नवीन अ‍ॅपमध्ये उतरवून घेतलं. जुनं पुसायला बसले, तर २२ जाने.च्या नोटखाली आणखी मजकूर. माझा नाही. सासूबाई टाइप करत नाहीत, माइकमध्ये बोलतात, मग तसंच सलग उमटतं.
"वैशू उद्या जाते आठ दिवस झोप काढ गुडघ्याचं तेल खिडकीत आहे ते बॅगेत टाक परत कधी येऊ ते इथंच लिही तोंडावर तू खरं सांगणार नाहीस"
तेल बॅगेत टाकलं. त्या आत पडल्यात, फोन उशाशी. मी स्वयंपाकघरात, तीच नोट उघडून.
"आई," एवढं लिहून झालंय.