चाक नेमकं कुठं घासतं

आप्पा, वडगावातल्या तुमच्या शेडात, जिथं माग चालायचे तिथं, आता एक मोटार उभी आहे. तुम्ही गेलात, मग माग गेले, पत्र्याचं शेड तेवढं राहिलं. इतकी वर्षं त्याला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या टिळकवाडीच्या घरी खिळ्याला लटकत होती. ती किल्ली खाली कशी आली ते तुम्हाला सांगायचं आहे, कारण शेड तुमचं आहे आणि मी तुम्हाला न विचारता ते दोनदा दोघांना देऊन बसलो.

मी बोलणारा माणूस. निपाणीपासून खानापूरपर्यंत मी जिथं बोललो नाही असं गाव शोधावं लागेल. भाषेसाठी बोललो, शाळांसाठी बोललो, आणि पुस्तकाशिवाय माणूस दुसऱ्याच्या तोंडाने बोलायला लागतो हे तर प्रत्येक सभेत सांगितलं. अजूनही माझं मत तेच आहे, आणि त्यावर मी कुणाशीही भांडेन. अशाच एका सभेत टाळ्या चढत गेल्या, मीही चढत गेलो, आणि जाहीर करून टाकलं की माझ्या विणकर वडिलांच्या शेडात वाचनालय उभं राहणार. घरात कुणाला विचारलं नव्हतं. रात्रीच्या जेवणाला तुमची नात ताटावर थांबली होती. तुम्ही हिला पाहिलं नाही. इंजिनिअर झाली, कारखान्यात नोकरी केली, ती सोडली. ती म्हणाली, "बाबा, ते शेड मी मागणार होते. आता मी सभेत येऊन मागू का?" तिला गाड्यांच्या चाकांचं आणि स्प्रिंगांचं काम सुरू करायचं होतं. गाडी खाली बसवायची, मोठी चाकं घालायची. मी विचारलं, आपल्या रस्त्यांवर गाडी आणखी खाली कशासाठी? तर म्हणाली, वळणावर झुकत नाही. आणि मोठी चाकं? खाली बसवलेल्या गाडीला लहान चाक शोभत नाही. शोभा कशाला हवी म्हणालो, तर तिने माझ्या इस्त्रीच्या जाकिटाकडे नुसतं बघितलं.

आम्ही दोघंही मोठ्या आवाजाची माणसं. भांडण दोन खोल्या ओलांडून आईपर्यंत गेलं. आई आता फार थकली आहे, पण कान शाबूत आहेत. तिथूनच म्हणाली, "बघितल्याबिगर भांडतोस कशाला रं? तिचं काम बघ आदी." मग मी अट घातली. माझी जुनी गाडी घे, तुला हवी तशी कर. माणसं भरून निपाणीला जायचं आणि परत यायचं, मी सभांना जातो तसं. चाक एकदाही घासलं तर शेड पुस्तकांचं, नाही घासलं तर तुझं. ती लगेच हो म्हणाली. वादात समोरचा लगेच हो म्हणाला की मी माझीच अट पुन्हा तपासायला घेतो.

कामापुरतं शेड मी तिला उघडून दिलं, आणि तिथं गेलो तो ती कुठं हरेल ते बघायला. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, आणि नवी चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली. लोखंडी भाग मोठा, त्यावरचं रबर पातळ, बाहेरचा घेर मात्र पहिल्याएवढाच. मग घासेल कशाला, मी विचारलं. ती म्हणाली, घेर तोच असला तरी चाक रुंद आहे, आणि ते आत किती शिरतं आणि बाहेर किती येतं हा खरा प्रश्न. आत फार शिरलं तर स्टिअरिंग वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला लागतं. बाहेर फार आलं तर खड्ड्यात गाडी दबली की वरच्या मडगार्डाची कड टायर कापते. गाडी आधीच खाली बसवलेली, म्हणजे दबायला जागा कमी. मधे बोटभर अंतर, त्यात सगळं बसवायचं. आप्पा, हे ऐकताना मी पुन्हा लहान होऊन तुमच्या मागासमोर उकिडवा बसलो आहे. उभे धागे वर-खाली फाकतात, मधल्या फटीतून धोटा जातो, आणि मी विचारतो आहे की एकही धागा तुटत कसा नाही. तुम्ही माग थांबवता. मला वाटतं आता दाखवाल. तुम्ही माझा दंड धरून मला दारापर्यंत नेता आणि म्हणता, "हितं बसू नको. जा, वाच जा." त्याच महिन्यात तुम्ही मला वाचनालयाचा सभासद केलंत. त्या कार्डाने माझं आयुष्य घडवलं, पण धाग्याचं उत्तर मला आजही माहीत नाही.

पहिली चाचणी तिने एकटीने घेतली. गल्लीतून गेली, गतिरोधकावरून दोन्ही दिशांनी आली, काहीच लागलं नाही. ती हसत उतरली. शेजारच्या दारात साडीच्या घड्या घालत बसलेल्या आक्का म्हणाल्या, "व्हय गं, आपल्याकडं गाडीतनं एकटं कोण जातंय? पाच माणसं, दोन पोरं आणि आंब्याची पेटी." मी मोठ्याने हसलो, कारण मला वाटलं शेड माझं झालं. मुलगी मात्र विचारात पडली. तिने आक्कांकडूनच सुताला लावायची खळ मागून घेतली, त्यात रांगोळी कालवली आणि चारही चाकांच्या वर, मडगार्डाच्या आत, पांढरा लेप दिला. वाळल्यावर गल्लीतल्या बायकांना हाका मारल्या. आक्का पुढे बसल्या, मागे चौघी. एकीने विचारलं, देवाला चाललोय काय? आक्का म्हणाल्या, "आपण आज पोती हाय. गप बसा." बायका हसतायत, गाडी डुलतेय, गतिरोधकावर खर्र असा आवाज. परत आल्यावर लेप बघितला तर मागच्या दोन्ही चाकांवर कडेला पट्टा पुसलेला.

ती कड मडगार्डाच्या आत खाली वळलेली पातळ पत्र्याची पट्टी असते. ती वर दाबून सपाट करायची. शेडाच्या माळ्यावर तुमच्या मागाचा, कापड गुंडाळायचा लाकडी रूळ पडून होता. तिने तो टायर आणि कड यांच्या मधे घातला. आधी गरम हवेच्या यंत्राने रंग तापवायचा, नाहीतर तडकतो, आणि मग गाडी हळूहळू पुढे-मागे ढकलायची. रूळ फिरतो आणि पत्रा लाटला जातो. ढकलायला माणूस हवा होता. मी जाकीट काढून खिळ्याला अडकवलं. ती हरावी असं वाटणाऱ्या माणसाने तिची गाडी का ढकलावी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

निपाणीला निघालो तेव्हा पुढे आई, मागे मी, आक्का आणि त्यांची सून, आणि डिकीत माझा सभेचा कर्णा आणि त्याची जड बॅटरी. अटीत तसंच होतं. संकेश्वर गेलं, तवंदीचा घाट उतरलो, निपाणीत चहा घेतला, आणि चाकाचा शब्द नाही. परत येताना घाट चढून आलो. रस्त्याचं काम चाललेलं, एका उजव्या वळणावर खोलगट भाग आला, गाडी डावीकडे दबली. आक्का सुनेच्या माहेरच्यांबद्दल काहीतरी सांगत होत्या. मला काही ऐकू आलं नाही. आईलाही नाही. मुलीने गाडी कडेला घेतली, हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले आणि म्हणाली, "घासलं."

मी दार उघडून उतरलो आणि खडीवर आडवा झालो. फोनचा उजेड मागच्या डाव्या चाकावर धरला. लाटलेल्या कडेवर तिने नव्याने दिलेला लेप जसाच्या तसा. पुसला होता तो खाली, मागच्या टोकाला, बंपर जिथं मडगार्डाला जोडतात तिथं, अंगठ्याएवढा. तिथं एका स्क्रूचं टोक बाहेर आलेलं.

"कडेला न्हाय गं," मी म्हणालो. "हितं बघ. स्क्रूला."

ती शेजारी येऊन बसली. "बाबा, तुम्ही जिंकलात."

"ते ऱ्हाऊ दे. हा स्क्रू उलटा बसवला तर?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग स्क्रूकडे. म्हणाली, उलटा नाही, काढूनच टाकायचा, आणि जोड वरच्या बाजूने घ्यायचा. मी म्हटलं, वरून घेतला तर पाणी शिरेल. ती म्हणाली, नाही शिरणार. आम्ही तिथंच वाद घालत राहिलो, आणि आई गाडीतून आक्कांना सांगत होती की ह्याला लहानपणापासून कपडे मळवायची हौस.

किल्ली मी तिला त्याच संध्याकाळी कायमची दिली. येत्या रविवारी मला व्यासपीठावरून शब्द मागे घ्यायचा आहे. आयुष्यात पहिल्यांदाच. लोक विचारतील आणि मी सांगेन की कुणालाही ऐकू आलं नव्हतं तेव्हा ती स्वतःहून खरं बोलली, आणि वाचून जे शिकायचं ते हेच. टाळ्या पडतील. ते खोटंही नाही. वाचनालयाला दुसरी जागा मी शोधीन, ते सोडणार नाही.

पण खडीवर पडलो होतो तेव्हा मला तिचा खरेपणा आठवला नाही, पुस्तकं आठवली नाहीत, आणि आप्पा, तुम्हीही आठवला नाहीत. मला फक्त पुढं काय होतं ते पाहायचं होतं. हे सभेत सांगता येणार नाही, आणि हा कागद टाकायला पत्ता नाही, म्हणून इथंच लिहून ठेवतो. तो स्क्रू काढायला उतरवलेलं चाक अजून बसवलेलं नाही. मी आल्याशिवाय बसवू नको, असं मी तिला बजावलं आहे.