आई उठून उभी राहिली

ता. ४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काम फिसकटलं आणि चूक माझी आहे. माजी सैनिकांच्या कार्यालयातले तपासनीस काल आले. आईला आपणहून उठता येत नाही एवढं त्यांनी पाहिलं असतं, तर जवानाच्या विधवेला मिळणारा मदतनीस-भत्ता मंजूर होता. दिवसभराची बाई ठेवली असती आणि मी एक तारखेला रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले असते.

पण ते आत आले ते बाबांसारखेच ताठ, पायांत तसलेच चकचकीत बूट. बाबांचा नियम तुला ठाऊकच आहे. फौजेतलं माणूस आलं की घरातल्यांनी उठून उभं राहायचं. रोज संध्याकाळी माझा खांदा धरून खिडकीशी दोन मिनिटं, एवढंच आता आईचं उभं राहणं. काल ती एकटी उठली. टेबलाला धरून चार पावलं चालली, त्यांना खुर्ची दाखवली आणि म्हणाली की माझं मी सगळं करते, पोरगी उगाच जिवाला घोर लावून घेते.

परक्यासमोर आईला खोटं कसं पाडायचं? त्यांनी ‘स्वावलंबी’ असं लिहिलं. जिन्यातले बूट वाजायचे थांबेपर्यंत ती उभी होती. मग शेजारच्या शिंपीणकाकूंना हाक मारून आम्ही दोघींनी तिला उचलून निजवलं.

फेरतपासणीचा अर्ज आजच देते. हवं तेवढं रागाव, पण लिही.

तुझी बारकी


ता. ११

चि. बारकीस,
अ. आ.

तू मुंगीची माफी मागून केर काढणारी, तुझ्यावर रागवून काय उपयोग? त्यापेक्षा युक्ती ऐक. परत माणूस येईल तेव्हा आईला सांग, पाण्याचा मीटर बघायला आलाय. मीटरवाल्यासाठी ती पापणीसुद्धा उचलायची नाही.

सासूबाईंना टाकून मला इथून हलता येत नाही. मी एक कोंडलेली आहे तेवढी पुरे. नोकरी दुसऱ्यांदा दार वाजवत नाही गं. जन्मात एवढं एक खोटं बोल. तुझ्या वाटचं पाप मी घेते.

आईच्या पायांना माझा हात लाव.

ताई


ता. २९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मीटरवाला काही माझ्या तोंडून निघाला नाही. तपासनीस यायच्या दिवशी सकाळी आईची वेणी घालताना मी तिला सगळं सांगून टाकलं: कोण येणार, कशाला येणार, माझ्या नोकरीचं पत्र, आणि तुझी युक्तीही. माफ कर. वेणी झाल्यावर तिने विचारलं, किती वाजता येणार.

तेच तपासनीस आले. आई उठली नाही. म्हणाली, मला उठवत नाही, मागच्या खेपेला मी खोटं वागले, तुमच्यासमोर निजून आहे त्याची माफी असावी. मी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत. सगळा फॉर्म त्यांनी उभ्यानेच भरला. खाली आईने सही केली.

भत्ता मंजूर झाला. बाई परवा एक तारखेपासून येईल. माझा डबा घासून ठेवलाय.

पण ताई, त्या दिवसापासून आई संध्याकाळीही उठत नाही. मी खांदा पुढे केला की मान हलवते. म्हणते, उठता येत नाही यावर सही केलीय, आता खिडकीशी उभी दिसले तर ती सही खोटी ठरेल. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर पाय कायमचे जातील. मी परोपरीने समजावलं की दोन मिनिटं उभं राहिल्याने काही खोटं होत नाही. तर मलाच विचारते, तुला तरी मीटरवाला सांगता आला का?

परवा मी जिना उतरेन तेव्हा मागे काय पडून असेल?

तुला युक्त्या सुचतात. भत्ता घेणाऱ्यांना रोज दोन मिनिटं उभं राहायची मुभा आहे, असा एखादा नियम रच आणि सरळ आईच्या नावाने लिहून पाठव. तो खरा की खोटा, ते मला मात्र कळवू नकोस.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी बारकी