यांचं नाव

लेस्टर, इंग्लंड

ती. आईस, तुझ्या कोकिळाचा इथूनच वाकून नमस्कार.

आम्ही बरे आहोत. यांच्या छातीत जरा दुखलं होतं, पण आता कामावर जातात. मुरुडला नारळ पाडून झाले का? फोनवर बोलताना हे शेजारीच असतात, म्हणून लिहिते.

व्हिसासाठी इंग्रजीची तोंडी परीक्षा आहे. नापास झाले तर मला परत पाठवतील आणि हे इथे एकटे राहतील. एकाचे अनेक करायला मला जमतं, शेवटी एस लावायचा. मालकी सांगायची तरी नावाला एसच. पण इंग्रजीच्या वर्गातल्या बाई आमचा फोटो दाखवून विचारतात, हा कोट कोणाचा? तिथे माझी दातखीळ बसते. बाईंना वाटतं, हिला येतच नाही.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे तूच शिकवलंस ना? उखाण्यात चालतं, पण साहेबापुढे उखाणा कसा घेऊ?

काल वर्गात घेतलं मी नाव. घरी आले, तर हे छाती चोळत बसलेले.

आई, तू बाबांचं नाव जन्मात घेतलं नाहीस. तरी ते गेलेच ना गं?

एकदा त्यांचं नाव तुझ्या हाताने लिहून पाठव. मग परीक्षेत मीही घेईन.

तुझी,
कोकिळा