माझा पाय घसरला

३ जून
कुर्डुवाडी सुटली एकदाची! बाबांनी रेल्वे वर्कशॉपात तीस वर्षं झिजवली. मला मात्र खोलीत बसून करायची नोकरी मिळाली. वाचाघात झालेल्यांना व्हिडिओ कॉलवर बोलायला शिकवायचं. हृषीकेश सरांनी कामाबरोबर सोलापुरात खोलीही बघून दिली. त्यांच्या दुर्गामावशीचा वरचा मजला, बाहेरून दगडी जिना. आल्या आल्या मावशींनी कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही वाढलं. मनगटावर तव्याचा भाजलेला डाग, पण हात सढळ. पोरीसारखी राहा, लाजायचं न्हाय, म्हणाल्या. खालच्या कुलूपबंद खोलीत काय आहे, विचारलं, तर चादरींची बोचकी हायेत की, म्हणे. आईला कळवलं, देव पावला.

५ जून
पहिल्या पेशंट शिवम्मा. फॉर्मवर गाव मैंदर्गी, वय सत्तर. जिन्यावरून पडून डोक्याला मार लागला आणि वाचा गेली. समजतं सगळं, शब्द सापडत नाहीत. शेजारी सूनबाई असतात म्हणे, पण कॅमेऱ्याला लाजतात.
कोणतं वाक्य आधी हवं, हे आम्ही घरच्यांना विचारतो. लोक 'पाणी दे' सांगतात, नातवाचं नाव सांगतात. शिवम्मांच्या सूनबाईंनी सरांमार्फत कळवलं, 'माझा पाय घसरला, मी पडले.' जो तो तेच विचारतो, बिचारीला उत्तर देता यावं. मला पटलं. डाव्या हातानं मांडीवर ठेका, एका थापेला एक शब्द, असं सुरू केलं. सरावाला माझ्या आवाजातला व्हिडिओही पाठवला.

१२ जून
शिवम्मा भलत्या हट्टी. वाक्य आलं की मान हलवतात, नाही, नाही. मी अहवालात लिहिलं, 'हो आणि नाही यांत गोंधळ.' या आजारात तो होतोच. मध्येच छताकडे बघत बसतात. लक्ष लागत नाही.

२० जून
बोलल्या! अख्खं वाक्य, न अडखळता. त्यांच्या डोळ्यांत पाणी, माझ्याही. सोमवारी पोलीस जबाब घेणार आहेत, म्हणून सरांनी दाखला मागितला की पेशंट समजून, स्वतःहून बोलते. मी आनंदानं सही केली. मावशींनी पुरणपोळ्या केल्या.

२२ जून, दुपारी तीन
उद्याच्या जबाबाआधी जादा तास घेत होते. स्टीलचा तांब्या हातून निसटला. खणखणाट झाला. आणि तोच खणखणाट इअरफोनमध्ये, क्षणभर उशिरा.
शिवम्मांनी वर पाहिलं. छताकडे.
मी टाचेनं फरशी दोनदा ठोकली. त्यांनी मांडीवर दोन थापा मारल्या.
मैंदर्गी नाहीच. माझ्या पायाखाली आहेत त्या.
विचारायला नको होतं, पण विचारलं. पडलात? मान हलली, नाही. ढकललं? हो. बोट कॅमेऱ्यामागे गेलं. तिथून एक हात आला, फोन पालथा झाला. मनगटावर भाजल्याचा डाग.
काल बिलवाल्यानं दाराखालून लाइटबिल सरकवलं होतं. आत्ता उघडलं. नाव — शिवम्मा वीरभद्रप्पा. घर त्यांचंय. मावशी म्हणजे सूनबाई.

साडेतीन
सरांना फोन केला. शांतपणे म्हणाले, हो आणि नाही यांत गोंधळ, तुम्हीच लिहिलंय ना, मॅडम? सहीही तुमचीच.
त्यांना सगळं माहीत होतं. खोली, नोकरी, पोळ्या, सगळं त्यासाठीच. केसानं गळा कापला माझा. आणि माझ्याच हातून शिवम्मांचा. ती बाई रोज नाही म्हणत होती आणि मी तिला आजार म्हणत होते.
फोन केला तसे बाबा कुर्डुवाडीहून निघालेत. दीड तास तरी लागेल. पोलीस येतो म्हणाले. तोवर दार उघडायचं नाही.

चार
जिन्यावर काहीतरी ओततायत. पाणी — नाही, शेंगतेलाचा वास.
मावशींची हाक. चहा झालाय, खाली ये गं पोरी. गोड आवाज.

चार वाजून दहा
खालून थापा. माझाच ठेका. एका थापेला एक शब्द. मावशी शिवम्मांना माझ्यासारखंच शिकवतायत. पण वाक्य नवं —
मॅडमचा. पाय. घसरला.
शिवम्मा गप्प आहेत. पुन्हा थापा. पुन्हा.
शिवम्मा, नका म्हणू. मान हलवा. या वेळी मी खरं मानीन —
माझ्या वाक्याला पंधरा दिवस लागले होते. हे —
म्हणाल्या.
जिन्यावर पावलं, अगदी जपून. कुलपात किल्ली. दुसरी किल्ली त्यांच्याक