गुळगुळीत झालेलं रबर

दादा,

काल लासुर्ण्याला जाऊन आले. तिथल्या शाळेचा प्रिंटर कागद ओढत नव्हता आणि दहावीच्या पोरांची हॉलतिकिटं छापायची राहिली होती. तुमच्या वेळी ती बोर्डाकडून छापून यायची, आता शाळेनंच छापायची. बारामतीच्या स्टँडवर एसटीत बसले तेव्हाच अंग जड झालं होतं. ह्याच रस्त्यानं आपण दोघं बापलेक इंदापूरच्या कोर्टातले टाइपरायटर दुरुस्त करायला जायचो. तुम्ही हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन झोपायचात आणि उतरायची वेळ झाली की आपोआप जागे व्हायचात. मला अजून तसं झोपता येत नाही.

टाइपरायटर बंद पडत गेले ती वर्षं मला नीट आठवतात. टायपिंग क्लासची मशीनं भंगारात गेली, कोर्टातले टायपिस्ट कॉम्प्युटरवर बसले आणि आपण दोघं आपल्या दुरुस्तीच्या दुकानात माशा मारत बसलो. मग एक दिवस तुम्ही साखर कारखान्याच्या ऑफिसातून बाद झालेला लेझर प्रिंटर घेऊन आलात. कंडक्टर खाली ठेवा म्हणत होता, तुम्ही ऐकलं नाही, सगळा प्रवास तो मांडीवर धरून केलात. काउंटरवर ठेवलात आणि म्हणालात, "ह्यातलं मला काय बी कळत न्हाय. तुझ्यासाठी आणलाय. तू उघड." मला कुणी साड्या दिल्या, कुणी बांगड्या दिल्या, बिघडलेलं यंत्र फक्त तुम्ही दिलंत. मी ते उघडलं. आतल्या चाकांचे दाते झिजले होते आणि कागद ओढणाऱ्या रोलरवरचं रबर पार गुळगुळीत झालं होतं. तुम्ही माझा अंगठा धरून त्या रबरावरून फिरवलात. "टाइपरायटरचा रोळ बी असाच व्हतो. डोळ्याला दिसत न्हाय ते. बोटाला इचार." पॉलिश पेपरनं घासलं, स्पिरिटनं पुसलं, झिजलेलं चाक दुसऱ्या भंगार मशीनचं बसवलं, आणि काही दिवसांनी पहिला कागद आत जाऊन छापून बाहेर आला. तुम्ही कान लावून बसला होतात. "आवाजच न्हाय की ह्याला," एवढंच म्हणालात आणि चहाला गेलात. त्या दिवशी तुमचा चहा बराच वेळ चालला.

तुमचं एक बोलणं मात्र मनातून जात नाही. पतसंस्थेचा एक माणूस दुकानात येऊन, मी समोर बसलेली असताना, "मिस्त्री कुठं हाय?" असं विचारत होता. मी मान वळवून तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "तुमच्या म्होरंच बसलीया की." तो गेल्यावर माझ्यावर तापलात. "त्यानं इचारलं ते सोड. तू माझ्याकडं का बघितलंस?" त्यानंतर कामाच्या बाबतीत मी कुणाकडं बघितलं नाही, दादा. तुम्ही गेल्यावर तर बघायला कुणी नव्हतंच.

काल बघावं लागलं. ऑफिसात क्लार्क बाई एकट्याच होत्या, हेडमास्तर सारखे दारात येऊन जात होते. मी रोलर काढला, अंगठा फिरवला, आणि मला काहीच कळेना. रबर आहे की लाकूड, तेही नाही. गेले काही महिने हे वाढत चाललंय. प्रिंटरच्या आतल्या गरम फ्यूजरवर भाजून भाजून बोटं निबर झाली, असं मी समजत होते. डॉक्टर म्हणतात, साखरेमुळं बधिर झालीत, आता पहिल्यासारखी होतील असं सांगता येत नाही. दुसऱ्या हाताची बोटं फिरवून बघितली, तरी तेच. मग बाईंच्या पुढं धरला.

"बाई, जरा हात लावून बघता? खरखरीत लागतंय का?"

"न्हाय. लई गुळगुळीत हाय." परत देताना त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "ताई, तुमाला लागत न्हाय व्हय?"

"न्हाय लागत," मी म्हणाले. हे मोठ्यानं पहिल्यांदाच म्हणाले.

बाई खुर्चीवरून उठल्या. पदर खोचून शेजारी बसल्या. मी सांगत गेले, त्या रबर घासत गेल्या. बारीक स्प्रिंगसुद्धा त्यांनीच चिमटीत धरून बसवली. हॉलतिकिटं एकामागून एक बाहेर पडायला लागली तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "परीक्षा झाली की नवाच घेणार हाय. आता दुरुस्तीच्या भानगडीत कोण पडतंय?" वाईट मनानं बोलले नाहीत. मीही मान डोलावली. बाई मला एसटीपर्यंत सोडायला आल्या. पिशवी त्यांनीच उचलली होती, आणि मी उचलू दिली.

आज सकाळी निरवांगीच्या सोसायटीतून फोन आला. त्यांना सांगितलं, मशीन इकडं दुकानात आणा, नाहीतर दुसरा कुणी बघा. फोन ठेवल्यावर वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही, नुसती झोप आली.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. काल घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की गुडघे धरतात, आता बाहेरगावी जायचं बंद. सूनबाईनं लगेच तेल गरम करून आणलं आणि मांडी घालून चोळायला बसली. मी पाय लांब करून, डोळे मिटून चोळून घेतले. दादा, माझे गुडघे चांगले आहेत.