यादीत न लिहिलेल्या दोन बरण्या

ता. १४, गुरुवार, दुपार

प्रिय ठमे,

आधी मोठीचे आशीर्वाद घे, मग पुढचं वाच. बाबांना नमस्कार सांग, पण हे पत्र त्यांच्यासमोर उघडू नकोस.

आम्ही बरे आहोत. ह्यांचं ऑफिस घरापासून वीस मिनिटांच्या चालीवर आहे, पण एवढं चालूनही पोट तसूभर हललेलं नाही. तुझी भाची शाळेत रुळली. आता इथली भाषा मला तीच शिकवते आणि चुकले की कपाळाला हात लावते. एवढीशी मास्तरीणबाई! घर तिसऱ्या मजल्यावर आहे. ओट्यावर एक पातेलं ठेवलं की दुसऱ्याला जागा नाही, आणि फडताळाचं दार फ्रीजला आपटून अर्धंच उघडतं.

तू म्हणशील, ताईने चऱ्हाट लावलं. लावलंय खरं. मुद्द्यावर यायचा धीर होत नाही.

तुझा निरोप मिळून आठ दिवस झाले. बाबा दोन घास खाऊन ताट सरकवतात. तू स्वतः मिठातली लिंबं घालून बघितलीस, तर ‘छान झालीत हो’ म्हणाले आणि फोड ताटात तशीच ठेवून उठले. परवा म्हणाले, "तिच्या हातची एक फोड असती तर चार घास गेले असते." आणि तू लिहिलंस, ‘ताई, तुझ्याकडे आईच्या दोन बरण्या आहेत, कुणी येणारं असेल तर वाटीभर पाठव.’ आठ दिवस तुझा फोन आला की मी कामात असते. कसलं काम नि कसलं काय, फोनकडे बघत बसलेली असते.

ठमे, लिंबं नाहीत. एक फोडसुद्धा नाही.

खाऊन संपली असती तर तोंड वर करून सांगितलं असतं. मी ती चाखलीसुद्धा नाहीत गं.

सामान बांधायला माणसं आली होती, तो दिवस आठव. त्यांचा मुकादम म्हणाला होता, "बाई, खाण्याचं शक्यतो घालू नका. घातलंच तर यादीत लिहा. लपवलेलं सापडलं की पंचाईत होते." मी डाळी, पिठं, मसाल्याचे डबे सगळं शेजारच्या काकूंना देऊन टाकलं. तेवढ्यात आई भिंतीला धरत बाहेर आली, मागून तू दोन बरण्या घेऊन. दवाखान्यातून आल्यापासून तिला दहा मिनिटं बसवत नव्हतं, तरी तिने पलंगावर बसून ती लिंबं घातली होती. चिरलीस तू, मीठ तिचं. एक बरणी तुला, एक मला. आणि तू वेडी, तुझीही माझ्या हातात दिलीस. "ने गं, मी काय इथेच आहे. आई मला परत घालून देईल."

मी त्या बरण्या टॉवेलात गुंडाळून मोठ्या पातेल्यात ठेवल्या आणि यादीत लिहिलं, ‘जुनी भांडी’. हे म्हणाले, "खरं काय ते लिही ना." मी वसकन अंगावर गेले. "आईची लिंबं मी काय कुणाला उघडून दाखवायला नेतेय?" अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

सामान नऊ आठवड्यांनी पोचलं आणि बंदराच्या गोदामात आम्हाला बोलावणं आलं. तपासणीला माझ्याच वयाची एक बाई होती, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिने यादी वाचली, पातेल्याचं झाकण काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मग बरणीच्या तोंडावर बांधलेलं दादऱ्याचं फडकं सोडायला लागली. आईची गाठ ती! बिचारीची नखं दुखली, शेवटी कात्रीने दोन्ही बरण्यांचे दोरे कापले. ठमे, त्या पत्र्याच्या गोदामात आपल्या स्वयंपाकघराचा वास आला.

ती वाईट वागली असती तर मी भांडले तरी असते. ती समजावून सांगत होती आणि हे मला मराठीत सांगत होते. घरची, मिठातली लिंबं असं लिहिलं असतं तर तपासून सोडली असती. लपवून आणलेलं सोडता येत नाही. सही करा.

मी सही केली. दोन्ही बरण्या माझ्यासमोर एका निळ्या पिंपात गेल्या. फुटल्याचा आवाज अजून कानात आहे.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. "पोचली का गं लिंबं?" म्हटलं, पोचली. "मुरली?" म्हटलं, मस्त मुरलीत, रोज खातो. तर म्हणते, "रोज नको, पुरवून खा." हसली. अकराव्या दिवशी ती गेली.

मी चार दिवस आले, तेव्हा बाबांनी विचारलं, "तिची लिंबं आहेत ना तुझ्याकडे?" मी मान हलवली. ते म्हणाले, "बरं झालं. तिच्या हातचं काहीतरी आहे." तू शेजारीच उभी होतीस.

निदान आई समाधानाने गेली, अशी मी इतके दिवस मनाची समजूत घालत होते. पण ते खरं नाही. तिला खरं सांगितलं असतं ना, तर तिने मला फैलावर घेतलं असतं आणि दुसऱ्या दिवशी तुला लिंबं आणायला पिटाळलं असतं. अकरा दिवस होते गं तिच्याकडे. तुझी बरणी तिने घातली असती, बाबांचीही घातली असती. मी ‘मस्त मुरलीत’ म्हटलं आणि ती निवांत झोपून राहिली. पिंपात गेलं ते एकदाच गेलं. हे अकरा दिवस मात्र मी माझ्या तोंडाने घालवले.

तू चिड, बोलू नकोस, काय करायचं ते कर. मी तुला काही म्हणणार नाही.

त्या बाईने कापलेले दोरे टेबलावरच पडले होते. ते मी मुठीत घेऊन आले. दोन्ही गाठी शाबूत आहेत. कुठली तुझ्या बरणीची ते ओळखता येत नाही, म्हणून दोन्ही पाठवतेय. आईच्या गाठी आपल्याला कधी सुटल्या नाहीत. दर वेळी बाबाच सोडवत बसायचे, "हिला काय बरणी पळून जाईल असं वाटतं की काय" असं पुटपुटत. त्यांना सगळं सांग. माझ्याबद्दल काही हातचं राखू नकोस. मग गाठी त्यांच्या हातात दे. सोडवायच्या की तशाच ठेवायच्या, ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

हुंगून बघ. अजून वास आहे.

जिला तू आपली बरणी दिलीस,
ती तुझी ताई